भेसळीच्या भीतीने मुलाचे दूध बंद करताय?
कागल तालुक्यात घरोघरचे दूध डेअरीला जाते. तरीही भेसळीच्या बातम्या वाचून तुम्ही मुलाला बदामाचे ‘दूध’ देत असाल, तर थोडे थांबा.

युरिया, डिटर्जंट, तेल घालून केलेले कृत्रिम दूध घातकच. उकळूनही ते सुरक्षित होत नाही. दूध आणि तेवढेच पाणी बाटलीत जोरात हलवा. दाट फेस टिकला तर डिटर्जंटची शंका घ्या.

पण गाईच्या 100 मिली दुधात सुमारे 3 ग्रॅम प्रथिने असतात; बदाम पेयात फारच कमी. सोया पेय त्यामानाने बरे, मात्र पाकिटावर कॅल्शियम तपासा. दुधाने पोट फुगत असेल तर दही-ताक अनेकांना पचते. वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी अशी पेये देऊ नका. आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.