मोटारीचे तेल आणि ग्राहकाचा विश्वास

जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि वापरूनही जिची पारख होत नाही, तिच्यासाठी आपण वर्षातून एकदा तरी निमूटपणे पैसे मोजतो. मोटारीचे इंजिन ऑईल बदलून घेणे ही अशांपैकी एक गोष्ट होय. सकाळी गाडी विक्रेत्याच्या सर्व्हिस विभागात नेऊन द्यावयाची, तेथील नम्र तरुणाने पुढे केलेल्या जॉब कार्डावर सही करावयाची आणि सायंकाळी धुऊन लख्ख केलेली गाडी व दोन पानी बिल घेऊन घरी परतावयाचे, असा हा परिपाठ आहे. आतले तेल खरोखर बदलले काय, बदलले असल्यास कोणत्या प्रतीचे घातले, फिल्टर नवा बसविला की जुनाच पुसून ठेवला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या लख्ख गाडीकडे पाहून मिळत नाही.

हा विषय एके काळी शिक्षक-कारकुनांच्या दृष्टीने परकाच होता. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा मोटार ही डॉक्टर, वकील व व्यापारी यांच्याच दारात उभी राहणारी वस्तू होती. आज पतसंस्थेचे कर्ज काढून लहानशी, बहुधा दुसऱ्याच्या हातची गाडी घेणारा नोकरदार कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतो. कर्जाचा हप्ता व पेट्रोल यांचा हिशेब तो चोख मांडतो. देखभालीच्या खर्चाचा हिशेब मात्र त्याच्या हाती नसतो. तो दुसराच कोणी मांडतो आणि हा फक्त त्यावर सही करतो.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार बराच झालेला आहे. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. विकणाऱ्यास गाडीचे दोष ठाऊक असतात व घेणाऱ्यास नसतात, एवढ्या साध्या गोष्टीतून सबंध बाजारच कसा नासू शकतो, हे त्यांनी दाखविले. हा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठविला होता आणि पुढे २००१ साली त्याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी वाचकास विशेष वाटावे असे त्यात एक उदाहरण आहे. अ‍ॅकरलॉफ यांनी त्यापूर्वी भारतात काही काळ काढला होता आणि आपल्या बाजारातील तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे खडे निवडीत बसणारी भारतीय गृहिणी त्यांच्या निबंधात हजर आहे. परंतु तांदूळ निदान निवडता तरी येतो. खडा दाताखाली आला म्हणजे दुकानदार कळतो आणि पुढच्या महिन्यात दुकान बदलता येते. इंजिन ऑईलच्या बाबतीत दाताखाली काहीच येत नाही. तेल बदलले नाही म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ती महिनोन् महिने पूर्ववत् धावते. झीज होते ती आत, हळूहळू, आणि तिचे परिणाम दिसू लागतात ते काही वर्षांनी. तोपर्यंत मधल्या चार सर्व्हिसिंगपैकी कोणती खरी व कोणती खोटी, हे सिद्ध करणे कोणत्याही न्यायालयास शक्य नसते.

वापरूनही गुणवत्ता कळत नाही अशा वस्तू व सेवांचा एक वेगळा वर्गच मायकेल डार्बी व एडी कार्नी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडला. त्यांना विश्वासाधारित सेवा म्हणता येईल. त्यांच्या लेखाचे शीर्षक मोठे मार्मिक होते : ‘मुक्त स्पर्धा आणि लबाडीचे इष्टतम प्रमाण’. लबाडीचेही एक इष्टतम प्रमाण असते, हे वाचून नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांना घेरी यावी. परंतु बाजार कसा चालतो याचे ते प्रामाणिक वर्णन आहे. रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असला म्हणजे औषध किती लागेल, हे रोगावर जितके अवलंबून असते तितकेच ते विकणाऱ्याच्या गरजेवरही अवलंबून राहते.

आता प्रश्न असा की, विक्रेत्याच्या सर्व्हिस विभागावर विश्वास ठेवावा की नाही? सर्वसाधारण गाडीमालकाची भीती अशी असते की, ‘ते लोक तेल बदलतच नाहीत.’ माझ्या मते ही भीती बरीचशी चुकीच्या जागी आहे. ज्या बिलात प्रत्येक बाबीचे पैसे वेगळे लावले जातात, तेथे तेल न बदलण्यात संस्थेचा फायदा अल्प असतो. लहान पेट्रोल मोटारीला तीन लिटरच्या आसपास तेल लागते. ते वाचवून मिळणार किती? उलट नाक्यावरच्या दुकानात नामांकित कंपनीच्या डब्यात बनावट तेल भरलेले मिळण्याचा धोका असतो, तो अधिकृत केंद्रात पुष्कळच कमी असतो. घाईत असलेला एखादा कामगार फिल्टर तसाच ठेवील, हे संभवनीय आहे. पण तो आळस झाला, धोरण नव्हे. मात्र वर्षाचे पैसे आधीच भरून घेणाऱ्या योजनांत हे गणित उलटते. तेथे पैसे आधीच मिळालेले असल्यामुळे जितके काम कमी तितका नफा अधिक. तेव्हा सुटे बिल असेल तर अनावश्यक काम वाढण्याची आणि ठोक रक्कम भरली असेल तर आवश्यक काम टळण्याची शक्यता असते. ग्राहकाने भीती बाळगावयाचीच असेल तर निदान ती योग्य दिशेने बाळगावी.

खरी गोम तेलात नसून तेलाच्या निमित्ताने जे विकले जाते त्यात आहे. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकांनी मध्यंतरी आपले बिल मला दाखविले. वर्षभरात त्यांची गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर चालली होती. बिलात इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर व खालच्या बोल्टचा वॉशर यांचा वाटा एक-तृतीयांशही नव्हता. उरलेले पैसे इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण आणि इंजिनाला चकाकी आणणारे ‘ड्रेसिंग’ यांचे होते. यांपैकी एकही गोष्ट गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातील त्या वर्षाच्या तक्त्यात नव्हती. संमती मात्र त्यांची होती. परीक्षा अर्जांच्या खिडकीवर विद्यार्थ्यांची रांग लागलेली असताना दूरध्वनी आला, ‘साहेब, गाडी वर घेतलेलीच आहे, आताच करून टाकलेले बरे,’ आणि साहेब हो म्हणाले. अशा वेळी नाही म्हणावयास जे ज्ञान लागते ते त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते असण्याची अपेक्षाही गैर आहे. मोटारीचा मालक होण्यासाठी यंत्रशास्त्राची पदविका लागू नये.

दूरध्वनी करणाऱ्या त्या तरुणास खलनायक ठरविण्याचा मोहही आवरला पाहिजे. आमचेच काही माजी विद्यार्थी आज अशा टेबलांवर बसतात. त्यांचा मूळ पगार बेताचा असतो. महिनाअखेर किती ‘जादा सेवा’ विकल्या, यावर वरची रक्कम ठरते आणि उद्दिष्ट चुकले तर सकाळच्या बैठकीत सर्वांदेखत नाव घेतले जाते. नव्या गाडीच्या विक्रीत विक्रेत्याला सुटणारा नफा थोडा असतो. शोरूमच्या काचा आणि एसी यांचा खर्च पुष्कळसा मागच्या वर्कशॉपला भागवावा लागतो. मालकाच्या हिशेबातील ही तूट त्या मुलाच्या जिभेवर साखर बनून येते.

वेतनाची पद्धती माणसाच्या सचोटीवर कशी मात करते, याचा जाहीर दाखला अमेरिकेत १९९२ साली मिळाला. सीअर्स ही तेथील भांडारांची जुनी व विश्वासाला पात्र मानली गेलेली साखळी. तिच्या मोटार-दुरुस्ती केंद्रांत कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्याने साध्या ग्राहकांच्या वेषात आपली माणसे गाड्यांसह पाठविली. गरज नसलेली कामे सर्रास सुचविली जातात, असा ठपका खात्याने त्या वर्षीच्या जूनमध्ये ठेवला. कर्मचाऱ्यांना कामाच्या विक्रीवर दलाली मिळत होती व ठरावीक कोटा पुरा करावा लागत होता. गवगवा झाल्यावर कंपनीने गाडी तपासून काम सुचविणाऱ्यांची दलाली बंद केली. तेथे काम करणारी माणसे तीच होती. पगाराची रीत तेवढी बदलली.

आपल्याकडे प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गाडी घेण्यापूर्वी ग्राहक राजा असतो, घेतल्यानंतर तो त्या कंपनीचा कूळ बनतो. एका कंपनीचा सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालत नाही. तीन मोटार कंपन्यांविरुद्ध आलेल्या एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली, तिची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारातील कारागिरांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होता. दंडाची प्रकरणे पुढे अपिलांत गेली. पण त्या आदेशातील एक भाग सामान्य ग्राहकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे : गाडी बाहेरच्या कारागिराकडे नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट आयोगाने अमान्य केली. अमेरिकेत अशा अटींना १९७५ च्या वॉरंटीविषयक कायद्यानेच आळा घातलेला आहे. आपल्या सर्व्हिस केंद्रांत मात्र ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली’ हे वाक्य अद्यापही ऐकू येते.

मग ग्राहकाच्या हाती काय उरते? थोडेसे उरते, आणि ते बिनखर्चाचे आहे. तेल केव्हा बदलावयाचे हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. अनेक पेट्रोल गाड्यांना आज दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. पाच हजारांचा जुना आकडा सवयीने चालत आलेला आहे. गाडी कमी चालते म्हणून वर्षाची अट मात्र मोडू नये, कारण जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही व तेलात ओलावा साठतो. पांढऱ्या फडक्यावर काळे तेल दाखवून कोणी घाबरविले तर घाबरू नये. काजळी आपल्यात धरून ठेवणे हे तेलाचे कामच असल्यामुळे ते काळे होणारच, आणि डिझेल गाडीत तर ते फार लवकर होते. इंजिनात किती तेल मावते हा आकडाही पुस्तकात असतो. तो बिलातील लिटरशी ताडून पाहावा. गाडी देण्यापूर्वी जुन्या फिल्टरवर रंगाचा एक ठिपका द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सपाट जागी असताना, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी. आणि जॉब कार्डावर सही करताना एकच ओळ स्वत:च्या अक्षरात लिहावी : पुस्तकातील तक्त्याबाहेरचे काम लेखी विचारल्याखेरीज करू नये.

तरीही फसवणूक झाल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. १९८६ च्या कायद्याने तो उघडला, २०१९ च्या कायद्याने रुंद केला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना तक्रारीचे शुल्कही नाही. परंतु नऊशे रुपयांच्या फ्लशिंगसाठी तीन किरकोळ रजा कोण खर्च करील? प्रत्येकाचे नुकसान इतके लहान असते की भांडणे परवडत नाही, आणि सर्वांचे मिळून इतके मोठे असते की त्यावर एक धंदा उभा राहतो. एकेकट्याने हे कोडे सुटणारे नाही.

या ठिकाणी आपल्याच भूमीतील एका परंपरेचे स्मरण होते. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्रित खरेदी करून दाखविली. तांदळातील खडे प्रत्येक घराने निवडीत बसण्यापेक्षा सर्वांच्या वतीने एकदाच माल पारखून घेणे स्वस्त पडते, हे त्यातले अर्थशास्त्र. शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पतसंस्था गावोगावी आहेत. मोटारीचे कर्ज त्याच देतात व हप्ता पगारातून कापून घेतात. ज्या संस्थेचे शंभर-दोनशे सभासद एकाच विक्रेत्याकडे गाड्या नेतात, तिने त्या विक्रेत्याशी तक्त्यातील कामांचे दर वर्षासाठी लेखी ठरवून घेण्यास काय अडचण आहे? एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेला एखादा जाणता मेकॅनिक तिने मानधनावर नेमावा. त्याने दुरुस्ती करावयाची नाही, काही विकावयाचे नाही. सभासदाच्या फोनवर आलेली सूचना ऐकून हे काम आवश्यक आहे की नाही, एवढेच सांगावयाचे. दर सभासदामागे वर्षाला शंभर रुपये धरले तरी त्याचे मानधन निघते. पतसंस्थांच्या वार्षिक सभा सामान्यत: सप्टेंबरपर्यंत होतात आणि ठराव मांडण्यास एक सूचक व एक अनुमोदक पुरतो.