खुणेपर्यंत पाणी

ड्राय सिरपची बाटली उघडण्याआधी ती तळहातावर दोन-चार वेळा आपटावी लागते. पावडर तळाशी घट्ट बसलेली असते. ती मोकळी न करता पाणी ओतलं, तर तळाला गठ्ठा होतो आणि वर नुसतं गढूळ पाणी राहतं. मग उकळून गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं आणि थांबायचं. फेस खाली बसल्याशिवाय पातळी नीट कळत नाही. फेस बसला की लेबलवरच्या बाणाच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि पुन्हा एकदा हलवायचं.

एसटी स्टँडमागच्या आमच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी दवाखाने सुटायच्या वेळी गर्दी होते, तेव्हा सगळ्यात जास्त घाई होते ती याच कामाची. परवा एक ताई लहानग्याला कडेवर घेऊन आल्या. पोराचा कान दुखत होता, डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं सिरप लिहून दिलं होतं. बाहेर गाडीवरून हॉर्न वाजत होता. ‘द्या तशीच, घरी गेल्यावर करते पाणी घालून,’ त्या म्हणाल्या. मी बाटली दिली नाही, त्यांच्यासमोरच तयार केली. घरी करता येत नाही असं नाही. पण हिशोब त्या खुणेवर ठरलेला असतो. खुणेपर्यंत पाणी असेल, तरच ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड येतं. पाणी जास्त झालं तर पोराला औषध कमी पडतं, कमी झालं तर जास्त जातं. आणि डॉक्टरांनी डोस मुलाचं वजन बघून काढलेला असतो.

त्यांच्या चिठ्ठीवर साडेतीन मिली होतं, दिवसातून दोनदा. बाटलीसोबतच्या टोपणावर साडेतीनची रेघ नसते आणि स्वयंपाकघरातला चमचा तर मापच नव्हे. प्रत्येक घरातला वेगळा. बिनसुईची सिरिंज काढून दिली, साडेतीनच्या रेघेवर पेनाने खूण केली. लेबलवर तारीख घातली आणि त्याखाली लिहिलं, ‘सात दिवसांनी टाकून देणे’. पाणी मिसळल्यावर हे औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज आहे का, हे मी प्रत्येकाला विचारते. नाही म्हणायला माणसं संकोचतात, म्हणून आवाज खाली घेऊन विचारते. नसेल तर डॉक्टरांना फोन लावते, कारण ॲझिथ्रोमायसिनसारखी काही सिरपं मिसळल्यावरही बाहेर राहू शकतात. औषध बदलायचं की नाही, हे मात्र तेच ठरवतात.

शेवटची सूचना साधी वाटते, पण तीच घरी राहून जाते. दर वेळी बाटली हलवायची. नाहीतर पावडर खाली बसते. पहिले डोस पातळ जातात आणि तळाचे दाट.

दुसऱ्या दिवशी त्या ताईंचा फोन आला. पोराला पातळ शी होतेय, बंद करू का? या औषधाने असं बऱ्याच मुलांना होतं. किती वेळा होते, रक्त आहे का, लघवी नीट होते का, अंगावर पुरळ आलंय का, एवढं विचारलं. काळजीचं काही दिसलं नाही. जेवणाच्या सुरुवातीला द्या, पोटाला कमी त्रास होतो. ओआरएस पाजत राहा. वाढलं, रक्त दिसलं किंवा पोर मलूल पडलं, तर थेट डॉक्टरांकडे जा, असं सांगितलं. मनानं बंद करण्याऐवजी त्यांनी फोन केला, याचं मला खरंच बरं वाटलं.

गोळ्यांचं काम बाहेरून सोपं दिसतं. स्ट्रिप कापायची, पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहायचं, झालं. पण कापायची कशी, यालाही रीत आहे. एक्सपायरी आणि बॅच नंबर स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेले असतात, म्हणून दुकानात दुसऱ्या टोकाकडून कापतात. परिणाम असा, की गिऱ्हाईकाच्या हाती पडतो तो बिनतारखेचा तुकडा, कधी कधी तर नावही अर्धंच. म्हणून मी पाकिटावर औषधाचं पूर्ण नाव आणि एक्सपायरी लिहूनच देते. मागं कितीही रांग असली तरी.

तापातून उठलेले एक आबा डॉक्सिसायक्लिन न्यायला आले होते. शेतात चिखलात काम केलेलं, म्हणून डॉक्टरांनी लेप्टोस्पायरोसिसच्या संशयावरून सुरू केलं होतं. आबा म्हणाले, ‘ह्या गोळ्या लई गरम पडत्यात. दुधासंगं घेतो.’ आमच्याकडे हे रोज ऐकायला मिळतं. गोळी उष्ण पडते म्हणून दूध, ताक. त्यामागं पोटाची काळजीच असते, म्हणून मी ते उडवून लावत नाही. पण दुधातलं कॅल्शियम काही अँटिबायोटिक्सना धरून ठेवतं आणि औषध पूर्ण अंगी लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत हे जास्त होतं, डॉक्सीच्या बाबतीत कमी. कॅल्शियमच्या, लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या तर दोन्हींच्या आड येतात. आबांना म्हटलं, पोटाला आधार हवा तर भाकरी खाऊन गोळी घ्या, दूध दोन तासांनी प्या.

डॉक्सीची आणखी एक गोष्ट आहे. घोटभर पाण्यात गिळून लगेच आडवं झालं, तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथंच जखम करू शकते. पेलाभर पाणी, आणि नंतर किमान अर्धा तास बसून राहणं. ‘रात्रीची गोळी जेवणाबरोबर, अंथरुणावर नाही,’ एवढं आबांकडून परत म्हणवून घेतलं. ही गोळी चालू असते त्या दिवसांत ऊन जास्त लागतं, तेव्हा रानात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टॉवेल.

‘तीनच द्या, तेवढ्यात बरं वाटतं,’ ही मागणी टाळणं मला सगळ्यात जड जातं. कारण त्यामागं बहुतेक वेळा पैसे असतात. अशा वेळी त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी आहे का बघते, पण दिवस कमी करत नाही. किती दिवस घ्यायचं, हे आजारावर ठरतं आणि हल्ली काही आजारांत डॉक्टरच पूर्वीपेक्षा कमी दिवस लिहितात. ते त्यांनी ठरवावं. ताप उतरला म्हणून आपण नाही. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. सेफिक्सिमसारखं औषध देताना रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ चा तो नियम आहे आणि नोंद तीन वर्षं जपायची असते. नाव कशाला, म्हणून लोक कुरकुरतात. मला तो नियम आवडतो. मागच्या वेळचीच स्ट्रिप दाखवून औषध मागणाऱ्याला नाही म्हणताना तो पाठीशी उभा राहतो.

एक प्रश्न मात्र पैसे घेण्याआधीच विचारायचा: कुठलं औषध चालत नाही असं आहे का? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या सुया घेतलेली पिढी अजून दुकानात येते. एक आजी सहज बोलून गेल्या, ‘तरुणपणी पेनिसिलिनच्या सुईनं तोंड सुजलं होतं, दम लागला होता.’ चिठ्ठीवर होतं अमॉक्सिसिलिन, तेही कंपनीच्या नावानं. ते पेनिसिलिनच्याच घराण्यातलं आहे, हे त्या नावावरून कुणाला कळणार? औषध थांबवून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसरं लिहून दिलं.

आजींना एका कार्डावर लिहून दिलं: औषधाचं मूळ नाव, साधारण कधी घेतलं, आणि नेमकं काय झालं. नुसतं ‘ॲलर्जी’ लिहून भागत नाही. मळमळ वेगळी आणि ओठ सुजून श्वास अडकणं वेगळं. तसं पुन्हा कुठल्याही गोळीनं झालं, तर पुढची गोळी न घेता १०८ ला फोन करायचा, हे कार्डाच्या मागं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सोबत आलेल्या नातवाला वाचायला लावलं. कार्ड दातांच्या डॉक्टरांनाही दाखवायचं, असं मी म्हटल्यावर आजी म्हणाल्या, ‘उद्याच जायचंय की त्यांच्याकडं.’