घुमटाची शेड : 2 मापे, 65 पाइप

गणिताचा प्राध्यापक म्हटल्यावर पान उलटू नका. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात हेन्री सेगरमन गणित शिकवतात आणि गणितातून काढलेल्या आकृत्या थ्रीडी प्रिंटरवर छापतात. त्यांचा एक जाळीदार गोळा आहे. वर दिवा धरला, की त्या वाकड्या जाळीची टेबलावर सरळ चौकटींची सावली पडते! दिसायला कला, आत चोख भूमिती.

हे आपल्याला कशाला? तर गोल आणि सरळ यांचा हाच मेळ आपल्या जिल्ह्यात लोखंडात उतरला आहे. शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथले त्रिकोणी जोडणीचे घुमट प्रसिद्ध आहेत. 2002 साली तिथेच एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब झाली. संगणकावर चित्र काढा, यंत्र तसेच कापून देते.

आता हिशेब बघा. अशा घुमटाचा एक सोपा प्रकार घेऊ. तळाची त्रिज्या 10 फूट धरा, म्हणजे मधली उंचीही 10 फूट. पाइपांची मापे फक्त दोन : 5 फूट 5.6 इंचाचे 30 आणि 6 फूट 2.2 इंचाचे 35 नग. सांधे 26. खाली जागा मिळते सुमारे 290 चौरस फूट, मध्ये एकही खांब नाही. 20 फुटी पाइपातून तीन नग निघतात, म्हणजे 22 पाइप पुरे.

गोची एकच. ही मापे भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत, पाइपाच्या टोकापर्यंतची नव्हेत. टोके चेपायला दोन्हीकडे इंचभर जास्त ठेवा. एका पाइपात पाव इंच चुकला तर शेवटचा सांधा बसतच नाही, आणि कापलेला पाइप काही लांब होत नाही. म्हणून एकच साचा करून सगळी भोके त्यावरच पाडा. वाकडकरांना भोसरी, चाकण जवळच. सांध्याच्या पट्ट्या तिथे लेसरवर एका मापाच्या कापून मिळतील.

आधी शाळेतल्या पोरांकडून काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा नमुना करून घ्या. मापे 16.4 आणि 18.5 सेंटिमीटर. ज्या सांध्यात पाच काड्या येतात तिथे सगळ्या आखूडच लागतात. पोरे तिथेच चुकतात, आणि आपले वेल्डरही! सरपंच, ग्रामसेवकांनी सार्वजनिक जागेत उभारायचा तर पाया आणि वाऱ्याचा जोर अभियंत्याकडून तपासून घ्यावा. घुमट हलका असतो, पायाला घट्ट बांधावाच लागतो.