सांडोर : गाव की शहर?

सांडोर हे गाव आहे की शहर? लगेच उत्तर देऊ नका बरं! 2001 साली या प्रश्नाला दोन सरकारी उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर होती.

वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला सांडोर आहे. तेव्हा तिथला कारभार ग्रामपंचायतीकडे होता, म्हणजे ते गाव. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत सांडोरचं नाव शहरांच्या यादीत होतं. अशा ठिकाणाला 'जनगणना शहर' म्हणतात. त्यासाठी तीन कसोट्या असतात : लोकसंख्या किमान 5000 हवी, एका चौरस किलोमीटरमध्ये किमान 400 माणसं राहत असायला हवीत आणि वर्षातला बहुतेक काळ काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान 75 टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात हवेत.

तिसरी कसोटी पुन्हा वाचा. फक्त पुरुष! आता वसईतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. 1867 साली विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली आणि पुढे इथली माणसं नोकरीसाठी मुंबई गाठू लागली. बाबा सकाळची लोकल पकडून कचेरीत जातात. आई वाडीत केळी, भाजी, फुलं पिकवते, किंवा तोच माल टोपलीत भरून पहाटेच्या गाडीने बाजारात नेते. कसोटी लावताना बाबा मोजले जातात, आई नाही! ज्या पट्ट्याची शेती इतकी बायकांच्या हातावर चालली, तिथे हा नियम मला अपुरा वाटतो.

पण गाव म्हटलं काय नि शहर म्हटलं काय, फरक काय पडतो? खूप पडतो. ग्रामपंचायत घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर घेते आणि ग्रामसभेत कुणीही मतदार उठून हिशेब विचारू शकतो. महानगरपालिकेची तिजोरी मोठी, कामं मोठी आणि कराचा आकडाही सहसा मोठा. म्हणूनच 2009 साली चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं जोडून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा पश्चिम पट्ट्यातल्या अनेक गावकऱ्यांनी जोरदार आंदोलन केलं. त्यांना आपली ग्रामपंचायतच हवी होती. कर वाढेल ही भीती होतीच, शिवाय वाड्या जाऊन इमारती येतील हीही.

वाड्या गेल्या तर काय होईल? त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. समुद्रकाठी खोलवर खारं पाणी असतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जड. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं की त्या खाऱ्या पाण्यावर, तेल पाण्यावर राहावं तसं, वर राहतं. विहिरीत येतं ते हेच. पण उपसा वाढला आणि मुरणं थांबलं, तर खालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर खारी होते.

वसईच्या जुन्या शेतकऱ्यांनी यावर काय केलं, ठाऊक आहे? त्यांनी बावखलं खोदली! बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी हळूहळू मुरतं आणि आसपासच्या विहिरींना गोडं पाणी मिळत राहतं. पूर्वी रहाटाला बैल जुंपून हेच पाणी झाडांना देत. रस्ता, वीज, नळ यांना आपण पायाभूत सुविधा म्हणतो ना? माझ्या मते बावखलसुद्धा त्याच यादीत हवं.

शहराची पाण्याची वाट वेगळी. वसई-विरारला सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी लांबलांबून नळाने येतं. लाखो माणसांची तहान बावखलांवर भागणार नाही, हे खरंच. पण तळी बुजवून सगळीकडे काँक्रीट केलं, तर पडलेलं पाणी मुरणार कुठे? जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी इतकं तुंबलं, की लोकल गाड्या थांबल्या. म्हणून बावखलं सांभाळायलाही करातला वाटा मिळायला हवा.

आता पुन्हा त्या मोजणीकडे वळू या. 2027च्या जनगणनेत मोजणी करणारे दारोदार जाणार आहेत. तुमच्याकडे आले आणि आई काय काम करते असं विचारलं, तर कुणीतरी घाईने "घरीच असते" म्हणेल. तुम्ही लगेच सांगा : वाडी पाहते, भाजी विकते, जे काही करते ते सगळं.