कमरेची गोष्ट (भाग ७) : उसण, पायाळू आणि आपलाच जोर

गावाकडं कमरेत उसण भरली की डॉक्टरच्या आधी पायाळू आठवतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी जुनी समजूत. त्या पायात काही गुण असतो का, हा वाद आज नको. पण त्यात सगळं काम पायाळूचं. दुखणेकऱ्यानं नुसतं पालथं पडायचं. आजचा उपचार याच्या बरोबर उलटा. यात जोर दुखणेकऱ्यानं लावायचा आणि उपचार करणाऱ्यानं तो फक्त अडवून धरायचा.

याला ‘मसल एनर्जी टेक्निक’ म्हणतात. फिजिओथेरपीवाल्यांच्या तोंडी ‘एमईटी’. अमेरिकेतल्या फ्रेड मिचेल या ऑस्टिओपॅथनं ती बसवली. कमरेखालच्या हाडांच्या कड्यावरचा त्यांचा निबंध १९५८ चा. १९७४ मध्ये ते वारले. पुढं त्यांच्या मुलानं ती पुस्तकात उतरवली.

परभणी जिल्ह्यात हा विषय नेमका कुणाचा, हे दसऱ्यानंतर मानवत-सेलूच्या रस्त्यानं जाताना दिसतं. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या असतात. जसजशी ओटी भरते तसतसं पोटापुढचं वजन वाढतं आणि ते तोलायला कंबर मागून ताणून धरावी लागते. त्याआधी पावसाळाभर खुरपणी झालेली असतेच : उकिडवं बसायचं, एक पाय कायम पुढं, एकाच हातात खुरपं आणि तसंच सरकत तास संपवायचं. दोन्ही बाजूंवर सारखा भार कधी पडतच नाही. मग एका बाजूला, मागच्या खळीपाशी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं बसतं. त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं तिकोनी हाड, आणि कटीचं हाड यांच्यातला सांधा तिथंच असतो.

अशा एका मावशींवर मी काय केलं ते सांगतो. त्या उताण्या झोपल्या. उजवा गुडघा वाकवून छातीकडं नेला. एका जागी तो अडला. तिथंच थांबायचं, पुढं रेटायचं नाही. माझा एक हात मांडीच्या मागं, दुसरा कमरेखाली. “मावशी, आता मांडी खाली खाटेकडं दाबा. मी दाबू देणार नाही.”

‘जोर लावा’ म्हटलं की आपली माणसं चिखलात रुतलेली गाडी काढावी तसा लावतात. मावशींनीही लावला, मीच हललो. इथं ताकदीचा पाव हिस्सा पुरतो, लोटलेलं दार ढकलायला लागतो तेवढा. दुसऱ्यांदा त्यांना ते साधलं. पाच-सात सेकंद दाब, मग श्वास सोडत अंग सैल. क्षणभर थांबून गुडघा पुन्हा छातीकडं नेला, तर दोन बोटं पुढं गेला. तिथून पुन्हा तेच. असं तीन-चार वेळा. ना कडकन आवाज, ना झटका.

यामागचा मूळ विचार साधा आहे. दाव्याचं एक टोक खुंट्याला असतं, दुसरं गायीच्या गळ्यात. खुंटा हलत नसेल तर ओढ गायीला बसते. मी पाय धरून ठेवला की तो झाला खुंटा. मग कुल्ल्याचा आणि मांडीमागचा स्नायू आखडताना वरच्या टोकाला, म्हणजे कटीच्या हाडाला ओढतो, आणि पुढं झुकलेलं हाड मागं फिरतं.

विचार सुबक आहे, पण मला तो पुरता पटत नाही. १९८९ साली स्वीडनमध्ये रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून, क्ष-किरणांनी त्रिकास्थी आणि कटीच्या हाडातल्या सांध्याची हालचाल मोजली. फिरणं सरासरी अडीच अंश, सरकणं एक मिलिमीटरच्या आत. एवढी हालचाल वरून बोटांनी चाचपून ओळखणं अवघड. त्यामुळं ‘तुमचं हाड सरकलं होतं, मी बसवलं’ असं कुणी छातीठोक सांगितलं की मी जरा सावध होतो. बहुधा हाडापेक्षा आखडलेला स्नायू आणि सावध झालेल्या नसा निवळतात, ताण सोसण्याची तयारी वाढते. कॉक्रेन या संस्थेनं २०१५ मध्ये साध्या कंबरदुखीवर एमईटी वापरून झालेल्या १२ चाचण्या, मिळून ५०० रुग्ण, तपासले. चाचण्यांचा दर्जाच हलका निघाला आणि ठोस फायदा दिसला नाही. तरी मी ही पद्धत वापरतो, कारण झटक्याची भीती वाटणाऱ्या माणसालाही ती चालते आणि मिळालेल्या त्या दोन बोटांच्या मोकळीकीत व्यायाम सुरू करता येतो.

पायात बधिरपणा किंवा बळ गेल्यासारखं वाटत असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल किंवा सोबत ताप असेल, तर हे काही करू नये. आधी डॉक्टर.

मावशी उठल्या, दोन पावलं चालल्या, “हलकं वाटतंय” म्हणाल्या. मी म्हटलं, आता ओटी अर्धी भरली की रिकामी करत जा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “किलोवर पैसे हायेत, डाक्टर. आर्ध्या ओटीला बांधापर्यंत चकरा मारल्या तर दिवसाला भरंल किती?” मग आम्ही तासाच्या दोन्ही टोकांना एकेक गोणी ठेवायचं ठरवलं. दुसरी गोणी मालकाकडं मागून बघते, म्हणाल्या.