शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आजोबांचा कागद



एम. ए., एम. एससी. किंवा एम. कॉम. ह्यांसारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या आदिवासी विद्यार्थ्याने सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रुक्ष आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. त्यात दाखले आहेत, मुदती आहेत, नकला आहेत. परंतु माझी सारी नोकरी डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांतील शाळांत गेली, आणि तेथे जे पाहिले त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, पाड्यावरच्या हुशार मुलाचे शिक्षण पदवीनंतर बुद्धीच्या अभावी क्वचितच थांबते. बहुधा ते एखाद्या कागदापायी थांबते. तो कागद ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षी शोधू म्हटल्यास हाती लागत नाही. त्याची तयारी मूल दहावी-अकरावीत असतानाच सुरू करावी लागते.

आपल्यापैकी पुष्कळांनी हा मुलूख आगगाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, कोसबाडची टेकडी, ही नावे तर शिक्षणप्रेमी मंडळींना परिचितच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. त्याच १९४५ साली तलासरीकडच्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. अशा घरांतील चौथ्या पिढीची मुले आज तलासरीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडतात. तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत सुमारे नऊ अनुसूचित जमातींचे आहेत. वारली पुष्कळ, त्याखेरीज कोकणा, धोडिया, दुबळा, काही घरे कातकऱ्यांची. एम. ए. साठी ह्यांतील कित्येकांना मुंबईची वाट धरावी लागते.

सरकारी पैशाने उच्च शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर ह्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, असा करार झाला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढे तेच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात सभासद असताना, १९४४ साली, हिंदुस्थान सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, आणि कालांतराने तिचा लाभ अनुसूचित जमातींनाही मिळू लागला. ह्या दोन्हींत एक मोठा फरक आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती महाराजांच्या मर्जीवर होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नियमाने मिळते. जो पात्र, त्या प्रत्येकाला. हे अधिक चांगले, ह्यात शंका नाही. परंतु महाराज समोर उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा पाहू शकत होते. नियमाला फक्त जे लिहिलेले असेल तेच दिसते.

आता शिष्यवृत्तीचे स्वरूप पाहू. केंद्राच्या योजनेनुसार आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे. शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क व इतर सक्तीचे शुल्क सरकार भरते, आणि वर निर्वाहभत्ता देते. २०१० साली ठरलेल्या दरपत्रकात एम. ए., एम. एससी. च्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असल्यास महिना ८२० रुपये व घरून जा-ये करीत असल्यास ५३० रुपये धरले होते. एवढ्यात मुंबईत महिना कसा निघावा, हा प्रश्न गृहिणींनीच सोडवून पाहावा. म्हणून ज्याला सरकारी आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याने २०१६ साली सुरू झालेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेची चौकशी अवश्य करावी. तीत भोजन, निवास आणि किरकोळ खर्च मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या शहरांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी रक्कम ठरविण्यात आली. विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा, ही तीत अट आहे. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलेल्या आदिवासी कुटुंबांनाही शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क ह्यांची माफी आहे. परंतु तिच्यासाठीही निराळा अर्ज करावा लागतो.

१६ एप्रिल २०१३ पासून विरारची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली, आणि डहाणूच्या मुलांना चर्चगेटपर्यंतची सव्वाशे किलोमीटरांची वाट रोज तुडविणे निदान शक्य झाले. तलासरीच्या मुलाला तेवढीही सोय नाही. तलासरीला रेल्वे नाही, आधी एस. टी. किंवा जीप धरून स्थानक गाठावयाचे, मग गाडी. म्हणून तलासरीच्या मुलांना मी नेहमी सांगत असे की, जा-ये करण्याचा हट्ट धरू नका, वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच करा.

अर्ज हल्ली कागदावर होत नाही. सन २०१७-१८ पासून तो महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. तेथून तो प्रथम महाविद्यालयाच्या लेखनिकाकडे जातो, तेथे तपासला गेला की एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. अर्जासोबत जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मागील परीक्षेचे गुणपत्रक, शुल्काची पावती, शिधापत्रिका. शिक्षणात एखादे वर्ष खंड पडला असल्यास तसे प्रतिज्ञापत्र. ह्यांतील बहुतेक कागद सेतू केंद्रात फेऱ्या मारून मिळतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाहण्यास मात्र विसरू नये; एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी जुनाच दाखला जोडून किती मुलांचे अर्ज परत आले, ह्याची गणती नाही.

खरी अडचण जातीच्या दाखल्याची आणि त्याच्या पडताळणीची. पुष्कळांना वाटते, वारल्याच्या मुलाने आपण वारली आहोत हे सिद्ध करण्याची गरज काय? सारे गाव जाणते. परंतु नामसाधर्म्याचा फायदा घेऊन भलत्यांनीच सवलती लाटल्याची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली, आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांच्या तपासणीची पद्धत घालून दिली. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी कायदाच केला. तो २००१ पासून अमलात आहे. डहाणूचेच उदाहरण घ्या. मल्हार कोळी ही अनुसूचित जमात आहे, किनाऱ्यावरचे सोनकोळी तीत मोडत नाहीत. आजोबांच्या नोंदीत लिहिणाराने नुसते ‘कोळी’ एवढेच टिपले असेल, तर नातवाला दुसरा पुरावा शोधावा लागतो. एम. ए. सारख्या अभ्यासक्रमास जातीच्या दाखल्यावर काम भागते. पण व्यावसायिक अभ्यासक्रमास आणि पुढे राखीव जागेवरील नोकरीस पडताळणीचे प्रमाणपत्र मागतात. तेव्हा ते आज नाही तर उद्या लागणारच.

अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी प्रसिद्ध झाली. त्यामुळे त्या दिवसापूर्वीचा, वडिलांकडच्या पूर्वजाचा, जमातीचा उल्लेख असलेला कागद हा सर्वांत बळकट पुरावा मानला जातो. आता शहरातील श्रोत्यांनी क्षणभर आपल्या घराचा विचार करावा. आपल्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कपाटात असेल, नसल्यास त्यांच्या शाळेत नक्कल मिळेल. परंतु १९५० पूर्वी सावकाराच्या वाडीत राबणाऱ्या वारल्याने शाळेची पायरीच चढली नव्हती. त्याचा दाखला येणार कोठून? जमीनही बहुधा त्याच्या नावावर नव्हती, म्हणून जुन्या सातबाऱ्यातही तो सापडत नाही.

अशा वेळी कामास येते ते कोतवाल बुक. गावात मूल जन्मले वा माणूस दगावला की त्याची नोंद गाव नमुना १४ मध्ये होत असे, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे जातही लिहिली जाई. ज्याने आयुष्यात कधी सही केली नाही, त्याचे नाव सरकारदप्तरी राहिले ते अशा नोंदीमुळे. तहसील कार्यालयाच्या अभिलेखकक्षात अर्ज करून तिची प्रमाणित नक्कल मागता येते. मात्र शोध घेताना वर्ष अदमासाने तरी ठाऊक पाहिजे. म्हणून घरात आजी जिवंत असेल तोवर तिच्याशी बसून कोणते मूल कोणत्या वर्षी झाले, दुष्काळाच्या आधी की नंतर, लढ्याच्या वर्षी की त्याच्या मागे, हे विचारून लिहून ठेवावे. जुन्या नोंदी पुष्कळ वेळा मोडी लिपीत असतात. नातू एम. ए. झाला तरी त्याला आजोबांच्या नावाचे अक्षर लागत नाही, आणि जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. आपणांपैकी कोणाच्या घरी मोडी वाचणारे वृद्ध असतील, तर त्यांच्या ह्या विद्येला अजून गिऱ्हाईक आहे, एवढे कळवून ठेवतो.

तलासरीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील ४७ गावे व तीन शहरे गुजरातेत गेली. राहिलेली २७ गावे आधी डहाणू तालुक्यास जोडली आणि नंतर त्यांचा तलासरी महाल झाला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला. परिणामी एकाच पाड्यावर राहिलेल्या घराच्या कागदांवर आजोबा उंबरगाव तालुक्याचे, वडील ठाणे जिल्ह्याचे आणि मुलगा पालघर जिल्ह्याचा दिसतो. घर जागचे हलले नाही, सरकार हलले. जो तपासनीस नवखा असेल त्याला हे स्थलांतर वाटण्याचा संभव आहे. म्हणून अर्जदाराने हा इतिहास दोन ओळींत लिहून जोडावा. मी माझ्या विद्यार्थ्यांना तो पाठच करावयास लावीत असे.

आता नावाविषयी. वरठा, दुमाडा, उंबरसाडा ही आमच्याकडची आडनावे. देवनागरीत त्यांचे लेखन एकच. पण रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन रूपे होतात, आणि आधारपत्रावर एक, गुणपत्रकावर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे असा प्रकार घडतो. संगणकाच्या लेखी ही तीन निरनिराळी माणसे. जन्मतारखेचेही तसेच. आमच्या तालुक्यांत, किंबहुना साऱ्या ग्रामीण महाराष्ट्रात, जुन्या वर्गपटावर अर्ध्याअधिक मुलांची जन्मतारीख १ जून दिसेल. कारण जूनमध्ये शाळा उघडे आणि मूल सहा वर्षांचे भरावे लागे. हे सारे दुरुस्त करण्याची वेळ दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीची. मंडळाच्या प्रमाणपत्रावर एकदा नाव उमटले की मग आधारपत्र व बँकेचे खाते त्याच्याशी जुळवून घेणे सोपे. प्रमाणपत्र बदलून घेणे फार कठीण.

माझी एक विद्यार्थिनी एम. एससी. ला गेली. अर्ज मंजूर झाला, सारे दाखले चोख. पैसे मात्र सहा महिने आले नाहीत. तिने लहानपणी उघडलेले खाते व्यवहार नसल्यामुळे बंद पडले होते, आणि तिचा आधार क्रमांक त्याच खात्याला जोडलेला राहिला होता. नव्या खात्याचे पुस्तक हातात घेऊन ती वाट पाहत होती, आणि रक्कम जुन्याच खात्याचे दार ठोठावीत होती! महाविद्यालयाने शुल्कासाठी तगादा लावला तेव्हा तिच्या आईने भाताच्या बियाण्याचे पैसे काढून दिले. आधार कोणत्या खात्याला जोडलेला आहे, एवढे बँकेत एकदा विचारले असते तर ते बियाणे घरात राहिले असते.

पडताळणीविषयी एक दिलासा सांगतो. घराण्यात वडिलांकडच्या रक्तसंबंधातील एकाला प्रमाणपत्र मिळाले की पुढच्यांचे काम पुष्कळ हलके होते. शिवाय २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, जमातीच्या चालीरीती, देवदेवक, बोली ह्यांवरून घेतलेली परीक्षा ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही. सिमेंटच्या घरात वाढलेल्या मुलाला लग्नातील चौक कसा लिहितात हे सांगता आले नाही, तर तेवढ्यावरून तो वारली नाही असे आता ठरविता येणार नाही. म्हणून भावकीतील पहिला अर्ज अतिशय काळजीने करावा. तो एका मुलाचा नसून पुढच्या दहा मुलांचा असतो.

ह्याहून मोठ्या शिष्यवृत्त्याही आहेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने निवडलेल्या नामांकित संस्थांतील पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी एक योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा सहा लाखांची. परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला वीस जागा साऱ्या देशातून भरतात, त्यांतील तीन अतिमागास आदिम जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रातील कातकरी ह्या आदिम गटात येतात. डहाणू-तलासरीच्या कातकरी वस्तीतील एखादी मुलगी त्या तीन जागांपैकी एकीवर हक्क सांगू शकते, परंतु हे तिच्या घरी कोणी सांगितले आहे काय?

शेवटी अर्ज पाठविल्यानंतरचे. अर्ज गेला म्हणजे काम झाले असे समजू नये. त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि दर पंधरवड्यास संकेतस्थळावर तो कोठे पोहोचला ते पाहावे. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठविला नाही तर तो तेथेच राहतो. महाविद्यालयात अडला असल्यास प्राचार्यांना लेखी भेटावे; तेथून पुढे गेला असल्यास प्रकल्प कार्यालयात जावे. डहाणू, तलासरी, पालघर आणि वसई ह्या चारही तालुक्यांचे कार्यालय डहाणूसच आहे. विक्रमगड, वाडा, मोखाडा आणि जव्हार येथील मुलांनी मात्र जव्हारला जावे. जाताना मूळ कागद बरोबर न्यावेत, हाती मात्र नक्कलच द्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा.