फ्लाय फिशिंग : ट्राउटच्या नदीची ओळख

फ्लाय फिशिंग म्हणजे खरे आमिष न लावता, गळाला पिसे, लोकर आणि दोरा बांधून तयार केलेल्या नकली कीटकाने मासा पकडण्याची पद्धत. या नकली कीटकालाच 'फ्लाय' म्हणतात. समुद्रातल्या माशांपासून भारतातल्या महसीरपर्यंत अनेक माशांसाठी आज ही पद्धत वापरली जाते. पण तिला आजचे रूप आले ते ट्राउटमुळे. थंड, नितळ, वाहत्या पाण्यात राहणारा हा मासा अतिशय सावध असतो आणि त्याच्या आहाराचा मोठा भाग कीटकांचा असतो. त्याला संशय येऊ न देता बोटाच्या पेराहून लहान फ्लाय त्याच्यापुढे वाहत नेणे, हे या छंदाचे मुख्य कसब. त्यासाठी मासा, कीटक आणि पाणी या तिन्हींचा अभ्यास करावा लागतो. हा अभ्यास अवघड आहे आणि छंदाचा खरा आनंदही त्यातच आहे.

ट्राउट आणि त्याचे पाणी

ट्राउट हा साल्मनच्या कुळातला मासा. त्याच्या दोन जाती फ्लाय फिशिंगमध्ये विशेष महत्त्वाच्या. अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला ब्राऊन ट्राउट मूळचा युरोप आणि पश्चिम आशियातला. कुशीवर गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला आणि रशियाच्या कामचाटकातला. दोघांनाही थंड आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. साधारण 10 ते 16 अंश सेल्सियस तापमान त्यांना मानवते. पाणी 20 अंशांच्या वर गेले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा मलूल होतो. 25 अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. म्हणूनच सह्याद्रीतून निघणाऱ्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या आणि तापणाऱ्या नद्यांत ट्राउट आढळत नाही.

नदीत ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो. भर धारेत पोहत राहिला, तर खाण्यातून मिळते त्याहून जास्त शक्ती खर्च होईल. म्हणून तो धोंड्याचा आडोसा, काठाखालची पोकळी, डोहाचा उथळ होत जाणारा शेवट किंवा वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहते ती कड, अशी जागा धरतो. शेजारच्या धारेतून वाहत येणारे खाणे टिपायचे आणि पुन्हा जागेवर यायचे, असा त्याचा क्रम असतो. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून मासा कुठे असेल हे ओळखणे, ही फ्लाय फिशिंगची पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे त्याच्या नजरेला न पडणे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातल्या माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. ही खिडकी सुमारे 97 अंशांच्या शंकूत मावते. मासा जितका खोल, तितकी ती मोठी. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस तिच्या कडेला दिसतो. वाकून, गुडघ्यावर बसून पुढे सरकणारा सहसा दिसत नाही. त्यामुळे जाणकार मासेमार प्रवाहाच्या खालच्या बाजूने, म्हणजे माशाच्या पाठीमागून, दगडांवर पाय न आपटता जवळ जातो.

नदीतले कीटक

ट्राउटच्या आहारातले महत्त्वाचे कीटक म्हणजे मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि मिज. या सगळ्यांचे बालपण पाण्यात जाते. कॅडिसच्या अनेक जातींची अळी वाळूचे कण किंवा काटक्या स्वतःच्या रेशमाने जोडून अंगाभोवती नळी तयार करते. स्टोनफ्लाय वाढ पूर्ण झाल्यावर काठच्या दगडावर चढून कात टाकते. फ्लाय फिशिंगच्या इतिहासात सगळ्यात जास्त निरीक्षण झाले ते मेफ्लायचे.

मेफ्लायचे पिल्लू, म्हणजे निंफ, दगडांखाली किंवा गाळात वाढते. इंग्लंडमधल्या 'एफेमेरा डॅनिका' या मोठ्या जातीला त्यासाठी साधारण दोन वर्षे लागतात. वेळ आली की निंफ पृष्ठभागाकडे निघते, तिथे तिची कात फाटते आणि धुरकट पंखांची मेफ्लाय बाहेर येते. पंख उडण्याजोगे होईपर्यंत काही क्षण ती पाण्यावरच तरंगत जाते. तिथून उडून झाडाझुडपांत गेल्यावर ती आणखी एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतरही कात टाकणारा कीटक मेफ्लायशिवाय दुसरा नाही. आता तिचे पंख काचेसारखे पारदर्शक झालेले असतात. या अवस्थेत ती काही खात नाही; मीलन होते, मादी पाण्यात अंडी घालते आणि पंख पसरून पाण्यावर पडते. वर येणारी निंफ, तरंगणारी कोवळी मेफ्लाय आणि शेवटी पडलेली मेफ्लाय या तिन्ही अवस्था ट्राउट खातो आणि प्रत्येकीसाठी फ्लाय वेगळी लागते.

एखाद्या जातीचे कीटक एकाच वेळी मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले की त्याला 'हॅच' म्हणतात. हॅचच्या वेळी ट्राउट अनेकदा त्या एकाच कीटकावर लक्ष ठेवतो आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. आजूबाजूला मासे सारखे वर येत आहेत, पाण्यावर वर्तुळे उमटत आहेत आणि फ्लायला मात्र कोणी तोंड लावत नाही, ही नवशिक्याची नेहमीची व्यथा. यावर उपाय एकच. पाण्यातला दगड उलटून खालची निंफ पाहायची, हवेतला कीटक हातात घेऊन निरखायचा आणि डबीतून आकारमान, ठेवण आणि रंग जुळणारी फ्लाय निवडायची. यात आकारमान चुकले तर रंग कितीही जुळला तरी उपयोग होत नाही.

फ्लाय बांधण्याची कला

पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला 'ड्राय फ्लाय' म्हणतात. तिच्यासाठी कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गळाभोवती गुंडाळतात. पिसाचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठताणावर फ्लायचा भार पेलतात. बुडणाऱ्या फ्लायचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'फेझंट टेल निंफ'. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ती तयार केली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार, एवढेच तिचे साहित्य. तारेने तंतू बांधलेही जातात आणि फ्लायला बुडण्यापुरते वजनही येते. पाय वगैरे काही दाखवलेले नसते, कारण पोहणारी निंफ पाय अंगाशी घेते हे सॉयर यांनी पाहिले होते. ज्या महिन्यांत मासेमारी बंद असते, तेव्हा कित्येक जण घरी बसून फ्लाय बांधतात. स्वतः बांधलेल्या फ्लायला मासा लागला की आनंद दुप्पट होतो.

वजन दोरीत

कोकणात मासे गरवताना दोरीला शिसे बांधतात, त्या वजनाने गरी लांब जाऊन पडते. फ्लायला जवळजवळ वजनच नसते, त्यामुळे ती अशी फेकता येत नाही. इथे वजन असते ते दोरीत. सुमारे नऊ फूट लांबीची लवचीक काठी आणि 5 क्रमांकाची दोरी हा ट्राउटसाठी सर्रास वापरला जाणारा संच. या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचे वजन सुमारे 9 ग्रॅम असते. तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला, पारदर्शक नायलॉनचा धागा जोडतात आणि त्याच्या शेवटी फ्लाय बांधतात.

फेक दोन टप्प्यांत होते. आधी काठी वेगाने मागे नेऊन एकदम थांबवायची. दोरी आसुडासारखी वळण घेत पाठीमागे उलगडत जाते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग तसाच झटका पुढे देऊन पुन्हा थांबायचे. नवशिके बहुधा या थांबण्यातच चुकतात. दोरी उलगडण्याआधी काठी पुढे आली की फटकन आवाज होतो आणि फ्लाय तुटून जाते. जोर लावून काही साधत नाही. वेळेचा अंदाज महत्त्वाचा. मागे झाडी असेल, समोरून वारा असेल, तर हीच फेक आणखी कठीण होते.

फ्लाय योग्य जागी पडली तरी काम संपत नाही. नदीच्या मध्यभागी पाणी वेगात असते आणि पलीकडच्या काठाशी संथ. फ्लाय त्या संथ पाण्यावर पडते, पण दोरी मधल्या धारेवर पडलेली असते. धार दोरीला पुढे ओढते, दोरी फ्लायला खेचते आणि फ्लायमागे बारीकशी रेघ उमटू लागते. खरा कीटक असा ओढला जात नाही. ट्राउट वर येतो, फ्लायच्या मागोमाग थोडा वाहत जातो आणि पाठ फिरवतो. हा 'ड्रॅग' टाळण्यासाठी दोरी पाण्यावर पडताच काठीच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकतात. त्यामुळे फ्लायला आणखी काही फूट मोकळेपणी वाहता येते आणि बहुतेक वेळा मासा मिळतो तो याच काही फुटांत. नकली असल्याचे लक्षात येताच ट्राउट फ्लाय थुंकून टाकतो, म्हणून ती तोंडात जाताच काठी हलकेच उचलावी लागते.

मॅसिडोनियापासून हॅम्पशरपर्यंत

गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे पकडणाऱ्या मॅसिडोनियातल्या लोकांचे वर्णन रोमन लेखक इलियन याने इ.स. 200 च्या सुमारास केले आहे. इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात 12 फ्लायची माहिती दिलेली आहे. आयझॅक वॉल्टन यांचे 'द कम्प्लीट अँगलर' 1653 मध्ये आले आणि 1676 च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन यांनी नितळ पाण्यातल्या फ्लाय फिशिंगवर स्वतंत्र भाग जोडला. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर 'तेनकारा' ही दोरी गुंडाळण्याचे रीळ नसलेली पद्धत वेगळी वाढली.

आधुनिक फ्लाय फिशिंगचा मोठा वाद दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, टेस्ट आणि इचेन या नद्यांवर झाला. खडूच्या खडकातून पाझरलेल्या भूजलावर त्या वाहतात, त्यामुळे त्यांचे पाणी नितळ आणि बारमाही थंड असते. वर येणारा मासा हेरून त्याच्यापुढे, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, तरंगणारी फ्लायच टाकावी, असा आग्रह फ्रेडरिक हाल्फर्ड यांनी धरला. 1886 च्या त्यांच्या पुस्तकाने तो सर्वत्र पोचवला. जी. ई. एम. स्क्यूज यांनी मात्र दाखवून दिले की ट्राउट पुष्कळदा पृष्ठभागाखालच्या निंफ खात असतो. बुडणारी फ्लायही तितक्याच निरीक्षणाने वापरता येते, हे त्यांनी 1910 मध्ये मांडले. आज दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि दोन्हींचा पाया नदीचे बारकाईने केलेले निरीक्षण हाच आहे.

भारतातला ट्राउट

भारतात ट्राउट आणला तो इंग्रजांनी. निलगिरीत फ्रान्सिस डे यांनी 1863 मध्ये केलेला प्रयत्न फसला. काश्मीरसाठी 1899 मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच नासली, पण पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेला ब्राऊन ट्राउट तगला. श्रीनगरमधले कारखानदार फ्रँक मिचेल यांच्या पुढाकाराने हारवान इथे मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. तिथून मासा लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांत पसरला. काश्मीरहून आणलेल्या अंड्यांवर 1909 मध्ये कुल्लूतही केंद्र सुरू झाले. हिमाचलातल्या तीर्थन, सैंज, उहल, पब्बर आणि बास्पा या नद्यांवर आज फ्लाय फिशिंग चालते. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांत रेनबो ट्राउट आहे. काश्मीरमध्ये नद्यांचे 'बीट' नावाचे पट्टे पाडलेले असून पट्ट्यानुसार मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. ब्राऊन ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून त्या काळात हिमाचल आणि काश्मीरमध्ये मासेमारी बंद असते.

मासा आणि नदीची काळजी

ट्राउट जिथे मूळचा नाही, तिथे तो स्थानिक माशांना जड जातो. न्यूझीलंडमध्ये गॅलॅक्सिड कुळातल्या लहान माशांची त्याच्यामुळे पीछेहाट झाली आहे. काश्मीर आणि हिमाचलातल्या प्रवाहांत तो 'स्नो ट्राउट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक माशाचा प्रतिस्पर्धी ठरतो. हा स्नो ट्राउट खरे तर रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. म्हणून नव्या नदीत ट्राउट सोडण्याचा निर्णय शास्त्रीय पाहणीशिवाय घेऊ नये.

अनेक ठिकाणी पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा आहे, काही पाण्यांवर तसा नियमच आहे. मासा खरोखर जगावा यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात. गळाला उलटा काटा नसावा, म्हणजे तो सहज निघतो. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. त्याला शक्यतो पाण्याबाहेर काढू नये आणि सोडण्याआधी प्रवाहाकडे तोंड करून आधार द्यावा. पाणी तापलेले असताना दमलेला मासा सोडला तरी मरू शकतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सलग तीन दिवस पाण्याचे तापमान सुमारे 23 अंशांवर गेले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवण्याची तरतूद आहे. हवामान बदलामुळे अशी वेळ आता वारंवार येऊ लागली आहे.

धरणे, सांडपाणी, वाळूउपसा आणि काठावरची झाडतोड यांचा फटका आधी कीटकांना बसतो आणि मग माशांना. त्यामुळे फ्लाय फिशिंग करणाऱ्यांच्या संघटना अनेक देशांत नद्यांच्या संरक्षणासाठी झटताना दिसतात. हिमाचलात तीर्थन खोऱ्यातल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध केला, तेव्हा ट्राउटचे पाणी म्हणून या नदीचे असलेले महत्त्वही त्यांनी पुढे मांडले आणि तिच्यावरचे प्रकल्प टळले. दगडाखालच्या निंफपासून काठावरच्या झाडीपर्यंत नदी जिवंत असेल, तरच ट्राउट टिकतो. हे ज्याला कळले, त्याने मासा परत सोडण्याइतकेच नदी राखण्याचे कामही आपले मानले पाहिजे.